ताट खाली गेल्यावर

दोन हजार अठरा सालची गोष्ट. फेब्रुवारी सरत आला होता, पिंपळगावच्या रस्त्यावर द्राक्षांच्या टेम्पोंची रीघ लागली होती, आणि नाशिकजवळच्या एका लष्करी केंद्रात सिन्नरचा दिनेश बिगुल शिकत होता. त्या शनिवारी निकाल लागणार होता. बँडमध्ये बिगुलाची जागा एकच रिकामी होती. ती मिळाली तर मिळाली, नाहीतर साहेब ढकलतील तिकडं जायचं.

दिनेशचा बाप केरू सिन्नरचा बँडमास्तर. डीजेच्या भिंती यायच्या आधी त्या भागातलं चांगलं लग्न केरूच्या ट्रम्पेटशिवाय लागत नसे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पितळी बटणं, टोपीला तुरा. केरू निघाला की पोरंसोरं नवरदेवाला सोडून त्याच्यामागं धावायची. पोराला त्यानं सुरांपेक्षा एक गोष्ट जास्त घोकून शिकवली होती.

"फुंकता कुणालाबी येतं. थांबता आलं पायजे. नवरदेवाची आई ओवाळत असली की पितळ तोंडाला लावायचं नाय. ताट खाली गेलं की मग फुंकायचं. मधी देव आला तरी नाय."

आणि नेमका तो लाल कोट उस्तादांच्या डोळ्यांत सलत होता.

उस्ताद म्हणजे हवालदार पुंजाराम. शिकवणाऱ्याला तिथं उस्तादच म्हणायचं. कडक इस्त्रीचा, कोरड्या तोंडाचा माणूस. सोमवारी सकाळी रांगेत त्यांनी दिनेशसमोर येऊन विचारलं, "तुझा बाप कोणत्या पलटणीत होता रे?"

"उस्ताद, तो लष्करात नव्हता."

"मग खांद्यावर झालर कशाची? लढाई कुठं मारली? बुंदीच्या पंगतीत?"

रांग हसली. सगळ्यात मोठ्यानं हसला चंदर. सुरगाण्याकडचा हा पोरगा दिनेशच्या शेजारच्या खाटेवर झोपायचा आणि त्या एका जागेवर त्याचाही डोळा होता.

"आमचा गणवेश वरातीत नाचवला तुम्ही लोकांनी," उस्ताद म्हणाले. आता ते हसत नव्हते. "माझ्या लग्नात आमच्या म्हाताऱ्या मामानं बँडवाल्याला सलाम ठोकला. मला नाही, त्याला."

मंगळवारी दिनेशचा एक सूर टोकाला वळला. लग्नातली सवय, दुसरं काय.

"सूर सरळ सोड. त्याला कंबर लावू नको," उस्ताद म्हणाले आणि त्याला बिगुल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. उन्हात पितळ तापलं, हात भरून आले. थांब म्हणायला कुणी आलं नाही.

बुधवारी तपासणीच्या आधी दिनेशच्या बिगुलाचं फुंकायचं सुटं तोंड नाहीसं झालं. ते न्हाणीघरातल्या पिंपाच्या तळाशी सापडलं. चंदर बाजूलाच दात घासत होता.

"बुडून मेलं का रे?" त्यानं विचारलं. "तुमच्याकडं वरातीत पितळ पोहायला शिकवत नाहीत?"

दिनेशनं त्याची कॉलर धरली. "परत हात लावलास तर दात हातात देईन."

"दे की. तुला तसंही एकट्यालाच परीक्षेला बसायचंय."

दिनेशनं मारलं. दात शाबूत राहिले, ओठ मात्र फाटला. चंदरनं उस्तादांना सांगितलं की पाय घसरून पडलो. तक्रार केली असती तर दोघंही बाहेर गेले असते, एवढं गणित त्याला येत होतं.

गुरुवारी खबर आली. पिंपळगावजवळच्या एका खेड्यातला मनोज नावाचा जवान सीमेवर बर्फाखाली गेला होता. दुसऱ्या दिवशी गावात अंत्यसंस्कार होते. केंद्रातला एक बिगुलर सुट्टीवर होता आणि दुसरा तापानं फणफणलेला. उस्तादांनी चंदरचा सुजलेला ओठ पाहिला, मग दिनेशकडं पाहिलं.

"एकाचं तोंड फुटलंय अन् दुसरा वरातवाला. नशीब माझं." ते जवळ आले. "तीन फैरी झडल्या की मी हात खाली करीन. त्याच क्षणी अखेरची सलामी सुरू करायची. उद्या नीट वाजलं तर मीच तुझी शिफारस करीन. चुकलास तर तू आहेस अन् मी आहे."

शुक्रवारी शाळेच्या मैदानात गाव लोटलं होतं. द्राक्षांच्या पॅकहाउसांना कुलपं लावून बायका हातातल्या कात्र्यांसकट आल्या होत्या. खुर्च्यांवर पुढारी, कडेला कॅमेरे. चितेवर मनोज. त्याचं लग्न एप्रिलात ठरलं होतं, हे दिनेशच्या मागं उभ्या असलेल्या दोघी बायका एकमेकींना सांगत होत्या.

फैरी झडल्या. झाडावरचे कावळे उठले. उस्तादांनी हात वर केला.

तेवढ्यात मनोजची आई, चंद्रभागाबाई, उठली. हातात ताट, ताटात निरांजन. भावकीतला कुणीतरी पुढं झाला, "काकू, आता राहू द्या." तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि लेकाच्या उशाशी उभी राहून ओवाळायला लागली. लग्नाच्या दिवशी ओवाळतात तसं, सावकाश.

उस्तादांचा हात खाली आला.

दिनेशनं तो पाहिला. बिगुल छातीशी होता, तिथंच राहिला.

"फुंक," उस्ताद दातांतून म्हणाले.

ताट फिरत होतं.

"फुंक, हरामखोरा. साहेब बघताहेत."

उस्तादांच्या हाताकडं बघायचं सोडून दिनेश ताटाकडं बघत राहिला. वाऱ्यानं निरांजन विझलं, तरी ती ओवाळतच होती. एक पुढारी घड्याळाकडं बघून खाकरला. मग ताट हळूहळू खाली गेलं, आणि दिनेशनं बिगुल तोंडाला लावला. पहिला सूर फाटला. पुढचे सरळ गेले.

शनिवारी दिनेशला कॅप्टनसाहेबांसमोर उभं केलं. साहेब तरुण होते, चिडलेलेही नव्हते. त्यांनी जवळजवळ वाटच करून दिली. "गर्दी होती. इशारा दिसला नसेल तुला?"

खोलीत उस्ताद होते. दारात चंदर होता. 'नाही दिसला' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण मग मैदानात उभा राहिला होता तो कोण, हे दिनेशला पुढं कुणाला सांगता आलं नसतं, स्वतःलाही नाही.

"दिसला होता, साहेब."

"मग?"

"ताट खाली गेलं नव्हतं."

साहेबांना ते समजलं नाही. उस्तादांना समजलं. त्यांच्याही लग्नात बँड थांबलाच असेल की. पण ते ताठ उभे राहून म्हणाले, "हुकूम मोडलाय, साहेब. उद्या गोळी चालवायच्या वेळी हा कुणाच्या तरी ताटाकडं बघत बसेल. बँडला नको."

दिनेशला लंगरात धाडलं. तो आजही फौजेत आहे, शेकडो माणसांची पोळी-भाजी करतो. बिगुल त्यानं परत हातात घेतला नाही.

जागा चंदरला मिळाली. त्याच्या ओठावर बारीक व्रण आहे. हुकमाला तो कधी उशीर करत नाही.

केरू करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याला मूठभर माणसांत जाळलं, वाजवायला कुणी नव्हतं. पोराला बँडमधून का काढलं हे त्याला आधीच कळलं होतं. "मग बरोबर हाय," एवढंच म्हणाला होता, आणि ट्रम्पेट पुसत बसला होता.

पुंजाराम निवृत्त होऊन पिंपळगावच्या एका पॅकहाउसच्या फाटकावर बसतात. तिथल्या गणवेशालाही खांद्यावर झालर आहे. येणाऱ्याजाणाऱ्या टेम्पोवाल्यांशी त्यांची रोज भांडणं होतात.

चंद्रभागाबाई त्याच पॅकहाउसात द्राक्षं निवडते. त्या दिवशीचा बिगुल किती उशिरा वाजला म्हणून गावात बरीच चर्चा झाली होती. कुणीतरी एकदा तिलाच विचारलं.

"बिगुल?" ती म्हणाली. "वाजला असंल. मला नाय ऐकू आला."