लेन्स काढून किती दिवस झाले?

सकाळपासून धाकटीला पाणी प्यायलाही उसंत नव्हती. डोळ्यांच्या दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी नुसती झुंबड असते. "हनुवटी इथे टेका, कपाळ पट्टीला लावा, पापणी हलवू नका," हे म्हणून म्हणून तिच्या तोंडाला कोरड पडली होती. चष्मा घालवायला आलेल्यांच्या बुबुळाची जाडी आणि आकार मोजायचा, हे तिचं काम. त्या आकड्यांवरून डॉक्टर ठरवत, लेझर करायचं, डोळ्याच्या आत कायमची लेन्स बसवायची, की मुकाट्यानं चष्माच ठेवायचा. मशीन सुरू करण्याआधी ती प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारी.

"लेन्स काढून किती दिवस झाले?"

"दोन आठवडे झाले!" समोर बसलेल्या मुलीऐवजी तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या बाईनं उत्तर दिलं.

तो आवाज ऐकला मात्र, धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीच बाई, तोच ठसका. तिच्या थोरल्या बहिणीची सासू! तोंडावर मास्क होता, म्हणून बाईनं धाकटीला ओळखलं नाही.

चार वर्षांपूर्वी थोरलीचं लग्न ठरताना हिनंच अट घातली होती, "मुलगी पसंत आहे, पण चष्मिस सून नको. तेवढं लेझर उरकून घ्या." स्वतःच्या लेकाच्या नाकावर जाडजूड काचा होत्या, पण ते चालायचं, पुरुषाला म्हणे चष्मा शोभतो! आणि थोरलीच्या आईवडिलांनी काय केलं? माना डोलावल्या. चार लोकांत चष्मा दिसू नये म्हणून थोरली दिवसभर कॉन्टॅक्ट लेन्स घालून वावरायची. त्यानं बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून मोजणीआधी दोन आठवडे त्या बंद ठेवायच्या असतात. थोरलीनं काढल्या त्याच दिवशी सकाळी. तिला तपासलं त्या दवाखान्यात विचारलं तेव्हा सासू ठणकावून म्हणाली, "दोन आठवडे झाले." थोरली तोंड उघडायला गेली, तर हिनं तिच्या दंडाला चिमटा काढला. आई शेजारीच बसली होती.

मोजणी चुकली. नाजूक बुबुळ धडधाकट ठरलं आणि त्यावर लेझर झालं. वर्षभरात बुबुळ पुढे फुगत गेलं. थोरलीला दिव्यांना शेपट्या दिसू लागल्या, माणसांना दोन-दोन तोंडं. "आंधळी आमच्या गळ्यात बांधली," म्हणत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं आणि घटस्फोट घेऊन मोकळे झाले. घरांचे नकाशे काढणारी पोरगी आता सुईत दोरा ओवायलाही हाका मारते. आई मात्र तेव्हापासून एकच पालुपद लावून बसली आहे, "मला काय कळतंय त्या लेन्सबिन्समधलं!"

धाकटी हे काम शिकली ती पोटासाठी नव्हे. कधी ना कधी ही बाई दुसरी पोर घेऊन येणार, याची तिला खात्री होती.

तिनं मशीनमधून पाहिलं. मुलीच्या दोन्ही बुबुळांभोवती लेन्सची कड लख्ख दिसत होती. क्षणभर धाकटीच्या मनात विष उतरलं. लिहून टाकावं 'दोन आठवडे'! जाऊ देत त्या घरापायी आणखी दोन डोळे. पडू दे तोंडघशी सगळ्यांना! तेवढ्यात मुलगी कळवळली. बाईची बोटं तिच्या दंडात रुतलेली होती.

धाकटीनं पेन खाली ठेवलं आणि दार सताड उघडलं. बाहेर सगळी बाकडी भरली होती. त्यांतल्याच एकावर थोरलीचा आधीचा नवरा, आता या मुलीचा नवरदेव, मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, चष्म्यासकट.

"बाई, हिच्या डोळ्यांत या क्षणी लेन्स आहेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"काहीतरीच! मला खोटं ठरवणारी तू कोण गं?"

धाकटीनं मास्क खाली ओढला. "ओळखलंत? ज्या पोरीचे डोळे घालवून परत पाठवलीत, तिची बहीण!"

बाईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. नवरदेव उठून जिन्याकडे सरकला. धाकटी मुलीकडे वळली. "लेझर वाईट नाही गं. मी रोज लोकांना हसत घरी जाताना बघते. पण तुला हवं असेल तर, आणि डोळा खरं मोजून. तुला हवंय का?"

मुलगी रडवेली झाली. "मला कुणी विचारलंच नाही हो. माझा चष्माही यांनी सकाळी काढून घेतला. यांच्या पर्समध्ये आहे."

तिनं तिथेच दोन्ही लेन्स काढल्या आणि हात पुढे केला. "द्या."

"लग्न मोडेल, सांगून ठेवते!"

"मोडू दे. चष्मा द्या."

दुपारी घरी येऊन धाकटीनं सगळं सांगितलं.

"रडली का ती बाई?" थोरलीनं विचारलं.

"नाही. पण पर्स काही केल्या उघडेना तिला."

थोरली पोट धरधरून हसली. धाकटीला वाटलं, फिटले आपले पांग. मग तिची नजर दारात उभ्या असलेल्या आईकडे गेली. त्या दिवशी होती तशीच, गप्प.

"आई," धाकटी म्हणाली, "लेन्स काढून किती दिवस झाले होते?"

आईनं पदर तोंडाशी नेला.

"त्याच सकाळी काढल्या होत्या. डबी मीच धरली होती."