वाळलेलं बी

तो दवाखान्यात गेला तेव्हा बी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात होतं, पाण्यानं भरलेल्या बरणीत. वाटाण्याएवढं, काळं. तो घरी आला तेव्हा तेच बी पत्र्याच्या डब्यात होतं, खडखडीत वाळलेलं.

बायको दवाखान्यात अडकलेली, म्हणून मध्यंतरी त्याची थोरली बहीण घर सांभाळायला आली होती. आल्या आल्या तिनं कंबर कसली आणि फ्रिज धुवायला काढला. बरणीतल्या पाण्याला वास मारत होता, ते ओतून दिलं. बी मात्र टाकलं नाही. धुऊन फडक्यावर पसरलं, कडक उन्हं दाखवली, डब्यात भरलं. कुठलंही बी असंच ठेवतात.

हे बी तसलं नव्हतं. परसातल्या तळ्यात परातीसारखी, काठ वर वळलेली पानं यायची, लहान मूल बसेल एवढी. त्या कमळाचं ते बी. थंडीत वेल मरायचा. बी ओलं राहिलं तरच पुढच्या साली नवा वेल. सुकलं की संपलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. भंगारातल्या सामानातून त्यानं तळ्याचं पाणी कोमट ठेवायची सोय केली होती. फूल पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी. गुलाबी फुलाचे पराग पांढऱ्याला लावायला तो कमरेइतक्या पाण्यात कुंचला घेऊन उभा राहायचा आणि बायको टॉर्च धरायची. "एवढी सेवा माझी केली असती तर मलाही पानं फुटली असती," ती म्हणायची.

डबा पाहिला तेव्हा तिनं नणंदेला एका शब्दानं दुखवलं नाही. भावासाठी स्वतःचं घर वाऱ्यावर सोडून आलेल्या बाईला काय बोलणार? ओळखीपाळखीत गुपचूप विचारून पाहिलं. हे बी कुणाकडेच नव्हतं. आणि नवरा तर दिवसभर खिडकीतून तळ्याकडे बघत पडलेला. ऊन तापलं की बी पेरू, म्हणायचा. त्या एका बोलण्यावर चार घास पोटात जात होते.

एका दुपारी त्यानं बरणी मागितली. तिला काही सुचायच्या आत नणंद डबा घेऊन आली.

"बरणी कसली? नासलं असतं सगळं. मी होते म्हणून वाचलं." तिनं डबा त्याच्या कानाशी वाजवला. "बघ कसं खणखणतंय."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. तळ्यात कुणी हात बुचकळला तरी आठवडाभर धुसफुसणारा माणूस.

त्यानं एक बी घेतलं, नखानं दाबलं, परत डब्यात टाकलं.

"बरं केलंस, ताई."

"मग? तुझी बायको एवढी शिकलेली, पण बरणीकडे लक्ष नाही."

"तिला टॉर्च धरण्यापलीकडे येतंय काय."

नणंद हसली. "पेरायचं कधी?"

"आजच पेरा की."

पाणी अजून गार होतं. बायको उठली, कोमट पाण्याचं बटण दाबायला निघाली.

"राहू दे," तो म्हणाला. "वीज कशाला जाळतेस."

ती जागच्या जागी थांबली. डॉक्टरांनी तिला एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं. त्यानं भिंतीकडे कूस वळवली.

दोघी परसात गेल्या. नणंदेनं मूठ भरून बी तळ्यात सोडलं आणि वाकून पाहिलं.

"वहिनी, हे तरंगतंय गं."

"बुडेल, वन्सं," ती म्हणाली.