कोऱ्या कपाळाचं भूत

मुलांनो, माझ्याबरोबर जरा झरी गावाला चला. भर दुपार आहे. कापूस ठेवायच्या खोलीसमोर एक आजोबा मोबाईल धरून उभे आहेत. मोबाईलच्या भिंगावर त्यांनी निळा चकचकीत कागद चिकटवलाय. त्यातून पाहिलं की दुपारची रात्र होते. दिसली रात्र? आता त्या रात्रीत नऊ वर्षांची एक मुलगी उभी करा. केस मोकळे, अंगाला पांढरी चादर गुंडाळलेली. ती त्रिवेणी. आज ती भूत आहे, आणि भलतंच गोंधळलेलं भूत आहे.

गोंधळाचं कारण तिचे आबा, सांबप्पा. किराणा दुकान सांभाळून त्यांनी भुताचे आठ सिनेमे केले होते. जिंतूर-पाथरीपर्यंतच्या पोरांना ते तोंडपाठ. जीप करून लोक आबांना बघायला येत. पण भ्यालं कोणीच नव्हतं. सगळे हसत.

त्याला पहिल्या सिनेमातली चूक कारण. तेव्हा भूत झाली होती आज्जी, भागम्मा. ती सकाळची शिवपूजा आटोपून तशीच कॅमेऱ्यापुढे आली. कपाळावर विभूतीचे, म्हणजे पूजेच्या भस्माचे, तीन ठसठशीत पट्टे. घरात ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही. त्या घरात विभूतीशिवायचं कपाळ कोणी पाहिलंच नव्हतं. लोकांनी मात्र पाहिलं. जिला भिऊन भुतानं पळायचं, ती विभूती भुताच्याच कपाळावर. पोट धरधरून हसले, आणि पुढच्या प्रत्येक सिनेमात तेच मागू लागले.

"ह्या नवव्याला एक माणूस जरी भ्याला न्हाई," आबा सकाळी म्हणाले होते, "तर सिनेमा सोडला म्या. गप दुकानात साखर तोलत बसतो."

त्रिवेणीला ते नको होतं. साखर तोलताना आबा गोष्टी सांगत नसत.

आबांनी ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसलं.

"आवं, लेकराचं कपाळ कोरं कशाला करायलाव?" आज्जी दारातून म्हणाली.

"भूत हाय ती आता."

"आपल्यात कुठं भूत होतंय? आपलं माणूस गेलं की शिवात मिळतंय."

"मग मी कोण हाय?" त्रिवेणीनं विचारलं.

आज्जीनं आबांकडे पाहिलं. आबा भिंगावरचा निळा कागद नीट चिकटवायला लागले.

शूटिंग बघायला जिंतूरहून पंकज नावाचा कॉलेजचा पोरगा आला होता. पोत्यावर बसल्या बसल्या त्याचं तोंड उतरलं. "विभूती पुसली? मग बघायचं काय, आबा? साधं भूत काय, कुठं बी भेटतंय."

"तुला भ्यायचं न्हाई का रे?"

"भ्यायला परीक्षा हायेत की. तुमच्याकडं हसायला येतो आमी."

आबांना राग आला की बरं वाटलं, हे त्रिवेणीला कळेना. बहुतेक आबांनाही कळलं नसावं.

"चल, हळू ये," ते तिला म्हणाले. "पापणी हलवू नको."

ती अंधाऱ्या खोलीतून चालत आली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. आबांनी "कट" म्हटलंच नाही. मग मोबाईल खाली आला, आणि मागून आबांचा घामानं डबडबलेला चेहरा दिसला.

"काय झालं, आबा?"

आबा पोत्यावर टेकले. "आपल्यात मेलेल्या माणसाला बी विभूती लावूनच समाधीत बसवतेत, बाई. असलं कोरं कपाळ जित्याचं बी न्हाई अन् मेलेल्याचं बी न्हाई. मग कोणाचं हाय ते?"

"म्हंजे तुमीच भ्यालाव," पंकज म्हणाला. "मग जमला की नववा."

आबा मोबाईलकडे बघत राहिले. ते चित्र पुसावं की ठेवावं, बोट वरच्या वर थांबलं. "बनवणाराच भ्याला, तर जमला म्हणावं का गं?" त्यांनी नातीला विचारलं.

एक माणूस भ्याला होता, म्हणजे आबांचा सिनेमा सुटणार नव्हता. पण त्रिवेणीनं आबांचा हात धरला तर तो गार पडलेला.

ती देवघरात पळाली आणि विभूतीची वडी घेऊन आली. बोटं ओली करून तिनं आबांच्या कपाळावर तीन पट्टे ओढले, जरा वाकडेच. आज्जीनं तिलाही कपाळ पुढं कर म्हणून खुणावलं. त्रिवेणीनं नाही म्हणून मान हलवली आणि वडी आज्जीच्या हातात दिली.

"आबा, आता तुमाला कायबी व्हत न्हाई," ती म्हणाली. "घ्या परत सीन."

आणि चादर सावरत, कोऱ्या कपाळानं, ती पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन उभी राहिली.