सातव्या वेगाचा तुकडा

नखाला काहीच लागत नव्हतं... बोटाएवढा पोलादाचा गोल तुकडा, एका तोंडावर पंचने ठोकलेला सातचा आकडा, आणि अंगावरून नख आडवं नेलं की लागायला हवी ती खरखर — छे, नाहीच. गोपीनाथने तुकडा ओट्यावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा नख फिरवलं. जणू एका रात्रीत त्याला चरे फुटणार होते.

"आवो, न्याहारी थंड झाली," तुळसा चुलीजवळून म्हणाली. "त्या लोखंडाला किती कुरवाळाल? पोरांना कदी घेतला नाय असा."

तो हसला. खोटं काय होतं त्यात? लढाईच्या दिवसांत सरकारी ट्रेनिंगमध्ये लेथ शिकला, मग मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरीला लागला, पण एवढ्या वर्षांत त्याच्या हातून खडबडीत माल कधी बाहेर पडला नव्हता. घोळ झाला तो तिथेच.

सुधीर — डोंबिवलीच्या विमलाबाईंचा एकुलता एक, कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारा, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसून आणखी मळवणारा — गोपीनाथला पहिल्या दिवसापासून 'मामा' म्हणायचा. त्याला दहा वेगांनी कापलेले तुकडे हवे होते, प्रत्येक वेगाचे तीन. कापलेला पृष्ठभाग किती खडबडीत, ते सुईच्या यंत्राने मोजायचं, बस्स. "जसा येईल तसा द्या, मामा." जसा येईल तसा म्हणे! सातव्या वेगाला ते पोलाद असं फाटत होतं की बघवेना — सगळ्या अंगावर ओरखडे, लोंबणाऱ्या कपच्या... आणि हे घेऊन माझं पोर प्रोफेसरांपुढे उभं राहणार? हात आपसूक घासायच्या एमरी पेपरकडे गेला. फिरत्या लेथवर दोन-दोन मिनिटं धरला, तिन्ही तुकडे लखलखीत. मिठागरात बाप हेच करायचा, शेठचा माणूस यायच्या आधी राशीवरचं मातकट मीठ फळीने ओढून काढायचा. मळका माल कुणाच्या हाती देऊ नये, एवढंच घरात शिकवलेलं.

आणि काल मोजणी संपली, सुधीरने आलेख टेबलावर पसरला. "मामा, परदेशी पुस्तकांत सातव्या वेगापाशी खडबडीतपणा एकदम वर उसळतो. आपल्या पोलादात उसळतच नाही! हाच माझा शोध!" असं म्हणून त्याने चक्क मिठी मारली, तेलकट कपड्यांसकट.

अरे बाबा, उसळला होता रे... मी घासून टाकला.

हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. तुकडा तेवढा खिशात टाकून आणला. उद्या सोमवारी प्रबंध टायपिस्टकडे जाणार. आज सांगितलं तर पोराचा शोध गेला, निदान सहा महिने गेले, आणि 'मामा' ही हाकही गेली तर... न सांगावं, तर उद्या कुणीही ते पोलाद कापील आणि सुधीरला खोटा ठरवील. त्याला, मला नव्हे.

न्याहारी तशीच टाकून, तुकडा खिशात घालून तो बांधावरून डोंबिवलीच्या वाटेला लागला. चालता चालता वाक्य जुळवत होता. 'एक किरकोळ गोष्ट राहिलीय' — किरकोळ? काढून टाक. 'यंत्र एकदा तपासून घेतलं तर' — वा रे गोप्या, आता यंत्रावर ढकल! 'सातवा पुन्हा कापून बघू का, उगीच आपलं...' हे बरं होतं. कुठे बोचत नव्हतं. विहिरीजवळच्या सुधीरच्या फाटकाशी पोचेपर्यंत वाक्य अगदी गुळगुळीत झालं.

"या, गोपीनाथराव! खुर्चीवर बसा हं, खाली नाही," विमलाबाई पोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या. "कालपासून आमच्या स्वारीचे पाय जमिनीला नाहीत. तुमच्यामुळे झालं हो हे."

गोपीनाथ खुर्चीच्या कडेवर टेकला. तेवढ्यात सुधीर आला, शाईचे डाग पडलेला एक कागद नाचवत. "मामा, आभाराचं पान! इंग्रजीत आहे, मराठीत सांगतो. पहिलं नाव तुमचं, प्रोफेसरांच्याही आधी." चष्मा सदऱ्याला पुसत तो वाचू लागला, "'श्री. गोपीनाथ भोईर... या माणसाने मला एकही वाईट तुकडा दिला नाही.' कसं वाटलं?" त्याने पान गोपीनाथपुढे टेबलावर पसरलं.

डोळे भरून आले. काय लेकरू आहे हे! इतकी माया आली की वाटलं, राहू दे, काही सांगायला नको, ही माया अशीच राहू दे... आणि त्याच मायेने तर हात त्या एमरी पेपरकडे गेला होता. आता गप्प राहणं म्हणजे पुन्हा तेच घासणं.

त्याने खिशात हात घातला. सातचा तुकडा त्या पानावर ठेवला, आपल्या नावाच्या शेजारी. आणि त्याच्या बाजूला खिशात नेहमी असायचा तो चौघडी घातलेला, झिजून काळा पडलेला एमरी पेपर.

"हे काय, मामा?" सुधीर अजून हसतच होता.

वाटेत घासूनपुसून आणलेलं वाक्य गोपीनाथने शोधलं. त्यातला एक शब्द सापडेना. घशात नुसती खरखर, कपच्यांसारखे तुटके शब्द वर येत होते, आणि ते सारखे करायला हात नेहमीसारखे शिवशिवले नाहीत. त्याने हात मांडीवर ठेवले. येऊ दे, त्याला वाटलं. जसं येईल तसं.