बुधवारची गाडी

सगळ्या जगाला रविवारी सुट्टी असते. मला बुधवारी असायची. यात माझा दोष नव्हता आणि ग्रहांचाही नव्हता. कारखान्यांना वीज पुरत नव्हती, म्हणून प्रत्येक पट्ट्याला एकेक वार वाटून दिलेला होता. त्या वारी तिथली वीज बंद, म्हणजे कारखाना बंद, म्हणजे सुट्टी. पलसाण्याच्या आमच्या प्रोसेस हाउसच्या वाट्याला बुधवार आला. मी तिथे रंगमास्तर. साडीचं कापड कुठल्या रंगात किती वेळ उकळायचं ते ठरवणारा माणूस. बारा वर्षं मी बुधवार पाळला. इतकी वर्षं लोक उपासाचाही वार पाळत नाहीत.

बुधवारी घरी कोण असणार? माझी बायको अलका महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. तेजस्विनी आणि तुषार त्यांच्या त्यांच्या शाळेत. भेस्तानच्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि ताटाखाली झाकून ठेवलेली भाजी, एवढेच. बुधवारच्या दुपारी मी घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त केली. ज्या बिघडल्या नव्हत्या त्याही केल्या, आणि त्यातल्या काही मग बिघडल्या.

रविवारी संध्याकाळी कारखान्यातून परत यावं तर तिघं कशावरून तरी हसत असायची. मुलं आपसात गुजरातीत बोलायची, अलकाही मध्येच एखादा शब्द टाकायची. काय झालं म्हणून विचारलं की तेजू म्हणायची, काही नाही पप्पा, तुम्हाला नाही कळणार, तुम्ही नव्हता ना. ती खरं बोलायची, म्हणून मला जास्त झोंबायचं. मी हात धुवायला जायचो. निळा रंग तीन वेळा साबण लावला तरी नखांतून जात नाही, त्यामुळे मोरीत मला पुष्कळ वेळ लागायचा.

मुलांना सायकली घेऊन दिल्या त्या त्र्याण्णव साली. तेजूची लाल, तुषारची हिरवी. पण आमच्या गल्लीत सायकल चालवायची म्हणजे टेम्पोखाली जायची तयारी ठेवायची. तेव्हा तुषार म्हणाला होता, पप्पा, आपण सायकली घेऊन डुमसला जाऊ, तिथे दर्याकाठी मोठा रस्ता आहे. आठ वर्षांचा होता तो. मी म्हटलं होतं, जाऊ. स्कूटरवर चार माणसं कशीबशी मावतात, वर दोन सायकली कुठे ठेवणार, ते मला माहीत होतं. तरी म्हटलं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात शेठने सांगितलं की दिवाळीनंतर मोठा जनरेटर येतोय. मग वीज असो नसो, कारखाना रोज चालणार आणि मास्तरांच्या सुट्ट्या पाळीपाळीने लागणार. कुणाला सोमवार, कुणाला शुक्रवार, कुणाला रविवार. बाकीचे मास्तर काळजीत पडले. मी दुसऱ्याच बुधवारी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

अलका म्हणाली, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पण म्हणताना ती हसली, म्हणून मी ती परवानगी समजलो.

गाडी सेकंडहँडच. एका जरीवाल्याची पांढरी मारुती व्हॅन. माझ्या डोक्यात हिशोब सोपा होता: पुढे आम्ही दोघं, मागे पोरं, डबे, पाण्याची बाटली आणि टपावर सायकली. व्हॅन पसंत केली तीसुद्धा तिचा टप सपाट म्हणून. जरीवाल्याला वाटलं मी इंजिनाबद्दल काहीतरी विचारीन. मी टपाची लांबी मोजत होतो.

गाडी घरी आली तीही बुधवारीच. आणि तिथे माझी पंचाईत झाली. नव्या गाडीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबं ठेवायची. पण हे घरच्या बाईने करायचं, आणि घरची बाई शाळेत चौथीला भूगोल शिकवत होती. जरा दम धरायचा की संध्याकाळपर्यंत. पण मला दम धरता येत नाही, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. मी स्वतःच लिंबं मांडली. खालच्या मजल्यावरच्या रंभाबाई दारात बसून गहू निवडत होत्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते जाऊन सहा वर्षं झालेली. मी नारळ हातात घेऊन इकडेतिकडे बघतोय हे पाहून त्या उठल्या.

"आमनामां हाई नई ऱ्हास, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन कोनी नई म्हनीसन मी उभी ऱ्हास."

त्या बौद्ध. त्यांच्यात हे काही करत नाहीत, पण माझ्याजवळ कुणी नाही म्हणून त्या उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून नव्हे, नुसत्याच. मी नारळ फोडला आणि पहिला तुकडा त्यांना दिला.

संध्याकाळी अलका म्हणाली, थांबला असता तर? मी म्हटलं, मुहूर्त होता. मुहूर्तबिहूर्त काही नव्हता.

आता सायकलींच्या स्टँडचं. भेस्तानमध्येच दत्तूचं दुकान होतं, खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी दारं करायचा. त्याला मी सांगितलं, टपावर दोन सायकली उभ्या राहतील असं काहीतरी कर. त्याने हातातला हातोडा खाली ठेवला. सायकल ही चालवायची वस्तू आहे साहेब, तिला गाडीवर बसवून कुठे न्यायची, म्हणाला; उद्या म्हणाल घोड्याला टांग्यात बसवा. पण माणूस गुणी. तीन बुधवार लावून त्याने लोखंडी चौकट केली, दोन लांब पन्हळी बसवल्या, पुढचं चाक आवळायला नट दिले आणि रंग खरवडू नये म्हणून जुन्या ट्यूबचं रबर सगळीकडे गुंडाळलं. वरून बजावलं, काम उंचावरचं आहे. एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला, तरच सायकल चढेल आणि तरच उतरेल. एकट्याने ओढायला जाल तर सायकल डोक्यात येईल.

मी म्हटलं, घरात चार माणसं आहेत.

दिवाळी झाली, जनरेटर आला. आम्ही पाच मास्तर आणि पाचही जणांना रविवार हवा. सगळ्यांत धाकटा सुकदेव, त्याला आठ महिन्यांची मुलगी. त्याने आधी मागितला होता. मी शेठच्या केबिनमध्ये जाऊन नोकरीची वर्षं मोजून दाखवली. जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, आवाज चढवला. रविवार मला मिळाला. बाहेर आल्यावर सुकदेव म्हणाला, "घ्या साहेब. माझी अजून लहान आहे. तुमची मोठी होत चालली." त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलला.

घरी मी चकार शब्द काढला नाही. एकदम चकित करायचं होतं. वास्तविक माझ्या वयाच्या माणसाने कुणाला चकित करायच्या भानगडीत पडू नये.

डिसेंबरचा पहिला रविवार. सकाळी सहालाच मी खाली उतरलो. कारखान्याला निघालो असं घरातले समजले. रंभाबाई नळावर होत्या, त्यांना हाक मारली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्या, असं करून दोन्ही सायकली चढवल्या. नट आवळले. तेजूच्या सायकलीचं सीट अगदी खालच्या भोकात होतं आणि घंटी गंजली होती. मी तेल घातलं, घंटी वाजेपर्यंत घातलं. मग साडेसातला हॉर्न दिला.

तुषार आधी आला. हातात बॅट. वर सायकली पाहून त्याचा चेहरा फुलला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग तोच चेहरा हळूहळू उतरला. "पप्पा, आज तर मॅच आहे ने," तो म्हणाला. "मी ओपनिंगला आहे." दर रविवारी असते का, मी विचारलं. दर रविवारी असायची. दोन वर्षांपासून.

तेजस्विनी दहावीत. तिला आठला क्लास, मग राखी नावाच्या मैत्रिणीकडे संध्याकाळपर्यंत अभ्यास. राखी कोण ते मला माहीत नव्हतं. घरात तिचं नाव सगळे असं घेत होते जसं काही ती आमच्याकडेच जेवते. नंतर कळलं, पुष्कळदा जेवतेच. तेजूने मान वर करून लाल सायकल पाहिली. ही अजून आहे, असं काहीसं म्हणाली, आणि मला वाईट वाटेल म्हणून लगेच म्हणाली की छान दिसते.

अलका गोडादऱ्याला जायची. लूमवर काम करणाऱ्यांच्या बायकांना ती दर रविवारी दुपारी लिहायला-वाचायला शिकवते. हे मला माहीत होतं, पण मला वाटायचं कधीमधी जाते. ती चार वर्षं एकही रविवार न चुकवता जात होती. ती म्हणाली, मी आज निरोप पाठवते, तुषारलाही सांगते, तुम्ही थांबा जरा. मुलं एकमेकांकडे बघू लागली. आपापला रविवार मोडायचा कसा, याचा ती विचार करत होती, पाहुणा आल्यावर करतात तसा.

"राहू दे," मी म्हटलं. "तुमचं चालू द्या. मी काही उपाशी मरत नाही."

राग त्यांचा नव्हता आला. राग यावा असं त्यांनी काहीच केलेलं नव्हतं, त्याचाच आला होता. मी गाडी सुरू केली आणि अलका खिडकीशी येईपर्यंत थांबलोही नाही.

डुमसला ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, काळा चिखल चमकत होता. सरूच्या झाडांखाली गाडी लावली. शेजारी एक कुटुंब टोमॅटोची भजी खात बसलं होतं, आजीपासून नातवापर्यंत आठ-नऊ माणसं. त्यांच्यातल्या एका भल्या गृहस्थाने सायकली पाहिल्या. चांगली युक्ती आहे, म्हणाला, आणि विचारलं, मुलं दिसत नाहीत?

"मागून येतायत," मी म्हणालो.

मग त्याने सायकली उतरवायला हात देऊ का विचारलं. नको म्हटलं, ती आली की उतरवू. त्याने मला कागदात भजी आणून दिली. माझ्या मुलांसाठी वेगळी काढून ठेवली, गार होतील म्हणून वर दुसरा कागद झाकला. आणि अधूनमधून तो रस्त्याकडे बघू लागला. तो बघत होता म्हणून मलाही बघावं लागलं. एकेक रिक्षा यायची, मी मान उंच करायचो. थोड्या वेळाने मी खरोखरच वाट बघत होतो. एवढा एकटा मी बुधवारच्या घरातही कधी नव्हतो. त्यांचं आवरून ते निघाले तेव्हा चार वाजले होते. त्या गृहस्थाने जाताना हात हलवला, आणि मुलांना सांगा भजी खायला, असं म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा अलका जिन्याच्या पायरीवर बसली होती. गोडादऱ्याहून येऊन वर गेलीच नव्हती, पर्स मांडीवर होती. मी गाडी बंद केली. ती उठून जवळ आली आणि टपाकडे बघत राहिली.

"चाकांना रेती नाही," ती म्हणाली. "उतरवल्याच नाहीत?"

"एकट्याला उतरत नाहीत."

तिने पर्स पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली. मी या बाजूचे नट सैल केले. मध्ये लाल सायकल होती, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"पहिली सात-आठ वर्षं आम्ही रविवारी कुठेच जात नव्हतो," पलीकडून ती म्हणाली. "एखाद्या वेळी तुम्ही लवकर सुटून याल म्हणून. तुषार खिडकीतच बसायचा. मग म्हटलं, पोरांना किती बसवून ठेवायचं."

मी पान्हा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. पुढचं चाक सुटलं होतं आणि सायकलीचा सगळा भार तिच्या बाजूला गेला होता.

"धरा आता," ती म्हणाली.

मी धरलं. आम्ही आधी लाल उतरवली, मग हिरवी.