चोवीस वेळा केस कापण्याची मंजुरी

धाकटीचा पलंग दिवसातून तीनदा दाराकडे निघायचा.

तिची खोली धुलाईच्या दुकानाच्या बरोबर वर होती. खाली बारा मशिनं. बाराही एकदम कपडे पिळायला लागली की वर पलंग खिडकीपासून सुटायचा आणि कुणी हाक मारल्यासारखा सावकाश दारापाशी जाऊन थांबायचा. मागोमाग टेबल. परदेशात शिकायला येऊन एवढ्याशा भाड्यात एवढं फिरायला मिळतं, हे नशीबच म्हणायचं. पण धाकटी खिडकीशी पुस्तक उघडायची आणि पान उलटेपर्यंत दारात पोचलेली असायची. असाच एक विषय राहिला होता. तो मेमध्ये पुन्हा द्यायचा होता, आणि पुन्हा राहिला तर कॉलेज जाणार आणि त्याच्यामागून इथे राहण्याचा परवानाही.

दोन रस्ते सोडून एक खोली रिकामी झाली होती. भाडं तेवढंच. खाली केस कापायचं दुकान, म्हणजे कात्रीचा काय तो आवाज. मालकीण दुकानातलीच बाई. अनामत सहाशे, एकतीस मार्चच्या संध्याकाळपर्यंत. आणि धाकटीकडे सहाशे चाळीस शिल्लक होते. वर्षभर ती कॉलेजला चालत गेली होती, ताप अंगावर काढला होता आणि केसांना कात्री लावली नव्हती, त्याचे हे सहाशे चाळीस.

अडचण एकच. ते पैसे बाबांचे होते.

बाबा बत्तीस वर्षं कोषागारात होते. निवृत्त होताना त्यांनी खुर्ची तिथे ठेवली आणि नियम घरी आणले. लेकीच्या शिक्षणाला त्यांनी अनुदान मंजूर केलं होतं. प्रवास एवढा, औषधपाणी एवढं, वह्यापुस्तकं एवढी, केस कापणे एवढं. प्रत्येक खर्चाचं शीर्ष वेगळं, म्हणजे त्याचा कप्पा वेगळा. मार्चअखेर कप्प्यात जे उरेल ते परत करायचं आणि पुढच्या वर्षी तेवढं कमी घ्यायचं. लागलंच नाही तर द्यायचं कशाला? पोटाला चिमटा घेऊन वाचवणाऱ्याचा हात कापायचा आणि उडवणाऱ्याचा भरायचा, हा न्याय बाबांना कधी खटकला नव्हता.

एकतीस मार्चला सकाळीच तिने फोन लावला.

"अनामत असं शीर्षच नाही," बाबा म्हणाले.

"मग उघडा ना एक."

"वर्षाच्या शेवटच्या दिवशी नवं शीर्ष? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक, बाबा? घरात तुम्ही आणि आई."

"मग आई काय म्हणेल?"

"आई म्हणते, द्या," मागून आवाज आला.

"तू मध्ये बोलू नकोस. किरकोळ खर्चाला मत नसतं."

"तीस वर्षं किरकोळात बसलेय गं मी," आई म्हणाली. "थोरलीचं लग्न तेवढं भांडवली खर्चात झालं."

धाकटीने श्वास घेतला. "बरं, एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात वळवता येतात का?"

बाबांचा आवाज एकदम मऊ झाला. असं कुणी विचारलं की ते लोण्यासारखे व्हायचे. "आहे त्या शीर्षात येतात. लेखी कारण दे. आणि पावती आजच्या तारखेची हवी."

दुपारी ती दुकानात गेली. बाई एका म्हाताऱ्याच्या कानामागचं नीट करत होत्या.

"सहाशे देते," धाकटी म्हणाली. "फक्त पावती अनामतीची नको. केस कापल्याची द्याल?"

बाईंनी आधी तिच्या कमरेपर्यंतच्या वेणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "खोटी पावती मी फाडत नाही."

"मग राहिलंच."

"राहिलं कशाने? पंचवीसला एकदा. सहाशेत चोवीस वेळा होतात. वर्षभराचे आगाऊ दे, मग मला अनामत कशाला हवी? पण ऐक, पैसे घेतले की मी कापणार. काम न करता पैसे ठेवून घेणं माझ्या दुकानात बसत नाही."

हे बोलणं धाकटीला घरच्यासारखं वाटलं. तिथेच बाकावर बसून तिने अर्ज लिहिला: 'गेल्या वर्षात केस कापणे या कामी कोणतीही प्रगती न झाल्याने मोठा अनुशेष साचला आहे. तो भरून काढण्यासाठी प्रवास व औषधपाण्यातील शिल्लक वळवण्यास मंजुरी मिळावी. सोबत वेणीचा फोटो, बाजूला फूटपट्टी.'

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'अनुशेष गंभीर आहे. मंजूर.'

तिने पावती पाठवली, उरलेले चाळीस मुकाट्याने परत केले आणि संध्याकाळी दोन बॅगा घेऊन मुक्काम हलवला. नव्या खोलीत पलंग जिथे ठेवला तिथेच राहायचा. पहिले आठ दिवस ती उठल्याउठल्या दाराकडे बघायची, मग सवय मोडली.

दर दुसऱ्या शनिवारी चार वाजता बाई खालून छताला झाडूचा दांडा ठोकायच्या. "ये गं, दोन नंबर." वेणी पहिल्याच वेळी गेली. तिसऱ्या वेळेला कान दिसायला लागले. सहाव्या वेळेला कापायला काही उरलंच नव्हतं, तरी बाई चष्मा चढवून पाऊण तास शोधत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "हा बघ, एक सुटला होता."

जुलैत निकाल लागला. विषय सुटला होता, छपन्न गुणांनी. आनंदाच्या भरात धाकटीने कॅमेरा लावून फोन केला. आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाबांनी मात्र तिच्या डोक्यावरून, एखाद्या पुलाची पाहणी करावी तशी, नजर फिरवली.

"काम समाधानकारक आहे," ते म्हणाले. "अनुशेष शून्य. मी पुढच्या वर्षाचा अंदाज काढूनच ठेवलाय. प्रवास, काही नाही, गेल्या वर्षी लागला नाही. औषधपाणी, काही नाही. केस कापणे, शंभर टक्के खर्च. म्हणून दहा टक्के वाढ."

"बाबा, वाढ?"

"अहो, पोरीच्या डोक्याकडे तरी बघा," आई म्हणाली.

"बघूनच केलीय. सहाशे साठ. म्हणजे सव्वीस वेळा होतील. दहा उरतील, ते मार्चअखेर परत कर."

धाकटीचा हात आपोआप डोक्यावर गेला. तेवढ्यात खालून दांडा वाजला. आज शनिवार होता, हे ती विसरलीच होती.

"ये गं," बाई ओरडल्या, "आठ नंबर."