तक्त्याची शेवटची ओळ

मी चष्मेवाला. बावीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय. तोंड माझं फटकळ आहे हे गिऱ्हाइकांना माहीत आहे, तरी येतात, कारण माझा नंबर चुकत नाही. निदान काल दुपारपर्यंत मी चारचौघांत असं छातीठोकपणे सांगत होतो.

काल आमच्या ठमीला, म्हणजे माझ्या सतरा वर्षांच्या लेकीला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे बायकोने न्यायला लावलं. पोरगी सारखी डोळे चोळते, पायरी चुकते, संध्याकाळी दिव्यांना शेपट्या दिसतात म्हणते. मी म्हणायचो, मोबाइल कमी कर. तिचे चष्मे मीच करतो. दीड वर्षात चारदा नंबर बदलला, चारदा नवी काच घालून दिली. डाव्या डोळ्याचा नंबर मशीन कधी काही सांगायचं, कधी काही. मी म्हणायचो, कार्टी स्थिर बसत नाही. आणि काच बदलली की ती दुकानातला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचायची. मग डॉक्टर हवा कशाला?

डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांच्या तक्त्यावर ठमीला डाव्या डोळ्याने सगळ्यात वरचं अक्षरही सांगता येईना. नव्या जागी बावरली असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग त्यांनी पडद्यावर तिच्या बुबुळाचा रंगीत नकाशा दाखवला. मधोमध लालभडक डाग. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, पातळ होत होत पुढे टोकदार निघत चाललाय, म्हणाल्या. डावा बराच गेलाय. त्यावर मोठी कडक लेन्स बसवून बघू, नाहीच भागलं तर कुणी मरणानंतर दिलेला कॉर्निया शिवावा लागेल.

"उजव्याला अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. त्यात औषधाचे थेंब घालायचे, वर ठरावीक प्रकाश सोडायचा, म्हणजे पडदा घट्ट होतो. पण त्यासाठी पडद्याची जाडी चारशे मायक्रॉनच्या वर लागते. ठमीची चारशे बारा होती. महिन्याभराने तेवढी उरेलच असं नाही. गुरुवारी जागा आहे, आजच सही करा.

मी विचारलं, नंबर उतरेल? नाही. जास्त दिसेल? तेही बहुतेक नाही. आहे तिथे थांबेल. माझं डोकंच फिरलं. "दिसणार नाही ती कसली ट्रीटमेंट हो?" म्हणालो, आणि सही न करता पोरीला घेऊन तडक दुकानात आलो.

दुकानात बायको फडक्याने पुसापुशी करत होती. आमचा तक्ता म्हणजे दिव्याची पेटी आहे. एका बाजूला अक्षरं, आणि ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी दुसऱ्या बाजूला आकडे. फिरवली की बाजू बदलते. मी भिंतीवरचं बटण दाबलं, ठमीला खुर्चीत बसवलं आणि पेटीकडे पाठ करून तिचा उजवा डोळा हाताने झाकला. बायकोला म्हटलं, "बघ आता तुझ्या डॉक्टरीणबाईंचं ज्ञान."

"ठ," ठमी म्हणाली. मग "ल, प". मग पुढची ओळ, त्याच्या पुढची. कुठे अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही. शेवटची ओळ तर एका दमात. माझी छाती अशी फुगली म्हणता! मी बायकोकडे वळलो, "ऐकलंस?"

ती फडकं तोंडावर धरून पेटीकडे बोट दाखवत होती.

मी पाहिलं. पेटीवर आकडे होते. पुसताना तिने बाजू फिरवली होती. सगळ्यात वर वीतभर उंचीचा सात होता, आणि माझ्या पोरीने त्याला ठ म्हटलं होतं.

मी स्टुलावर बसलो तो बसलोच. बावीस वर्षं जगाचे डोळे तपासले आणि दिव्याखाली हा अंधार. कसंबसं विचारलं, "ठमे, समोर काय दिसतंय?"

"पांढरं काहीतरी." मग खाली मान घालून म्हणाली, "मला तक्ता पाठ आहे, बाबा. लहानपणापासून इथेच तर बसतेय."

"मग सांगायचं नाही?"

"मागच्या वर्षी एकदा अडखळले होते. तुम्ही दिवसभर काच घासत बसलात, जेवलातसुद्धा नाही. त्यानंतर नाही अडखळले."

बायको रडायला लागली. मला रडूही येईना. नुसता त्या सातकडे बघत राहिलो. मग म्हटलं, "आता उजव्याने वाच. आणि खरं सांग."

तिने स्वतःच डावा डोळा झाकला. सात म्हणाली. दुसरी ओळ वाचली, तिसरी थांबत थांबत, चौथीत दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा आपणहून सुधारलं. पाचवीपाशी थांबली. "पुढचं नाही दिसत."

घड्याळात साडेपाच झाले होते. डॉक्टरीणबाई सहाला दवाखाना बंद करतात. मी दारात आलेल्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं, शटर ओढलं आणि ठमीचा हात धरून रस्त्याला लागलो. पायरी आली की तिला सांगत होतो. चार ओळी उरल्या होत्या, तेवढ्या वाचवायच्या होत्या.